सांबार आणि शिजवलेली भाजी
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



पश्चिम महाराष्ट्रातून अथवा कोकणातून बदलून आलेल्या शिक्षकास वऱ्हाडातील पहिल्याच बाजारात एक शब्द अडखळवितो. तो भाजीवालीजवळ कोथिंबीर मागतो आणि ती म्हणते, "सांबार पाहिजे का, गुरुजी?" त्याच्या मनात सांबार म्हणजे दक्षिणेकडील आमटी असते, हिच्या हातात मात्र हिरव्यागार पानांची जुडी असते. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, कोथिंबिरीचे घरातले नाव सांबार हेच होय. ज्या प्रांताने या पानाला स्वतंत्र नाव दिले आणि त्याची सांबारवडी करून पाहुण्याच्या ताटात मानाने वाढली, त्या प्रांतात या पानाविषयी काहीसा अधिक विश्वास असावा, हे स्वाभाविकच आहे. तथापि या विश्वासातूनच एक समजूत शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचली आहे. ती अशी की, खिचडीवर हिरवे सांबार भुरभुरले म्हणजे पालेभाजीचे काम झाले. किंबहुना ताजे आणि कच्चे असल्यामुळे ते शिजवून "मेलेल्या" भाजीपेक्षा सरसच होय, असेही काही जण सांगतात. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासणे हा आजचा विषय.

विषय लहान दिसतो, पण लहान नाही. शालेय पोषण आहाराची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी बहुतेक ठिकाणी कोरडे धान्य दिले जाई. नोव्हेंबर २००१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे आवश्यक ठरले, आणि २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखली जाते. तीत प्राथमिक वर्गातील मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, तर उच्च प्राथमिक वर्गात १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी, असे प्रमाण घालून दिलेले आहे. धान्य आणि डाळ यांचे माप सहसा चुकत नाही, कारण ती पोत्यातून मोजून निघतात. चुकते ते भाजीचे. आठवड्याचा बाजार एकदाच भरतो. त्या दिवशीची मेथी दुसऱ्या दिवशी पिवळी पडते आणि तिसऱ्या दिवसापासून बटाटा, कांदा व वर थोडे सांबार एवढेच उरते. पातेले हिरवे दिसते, पाहणाऱ्यालाही हिरवे दिसते. साठ मुलांच्या शाळेत भाजीचे माप रोज तीन किलो भरते. साठ ताटांवर भुरभुरलेले सांबार मात्र दोनशे ग्रॅमदेखील भरत नाही.

प्रथम आकड्यांकडे वळू. भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पहिली व्यवस्थित कोष्टके कुन्नूर येथील संशोधनशाळेने १९३७ साली प्रसिद्ध केली. ती संस्था १९५८ साली हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. तिने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांची नवी कोष्टके काढली. या नव्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम कच्च्या कोथिंबिरीत कॅल्शियम सुमारे १४६ मिलिग्रॅम, लोह सुमारे ५.३ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व सुमारे २४ मिलिग्रॅम आणि बीटा कॅरोटीन सुमारे ३,८०० मायक्रोग्रॅम असते. कच्च्या मेथीच्या पानांत तेवढ्याच वजनात कॅल्शियम सुमारे २७४ मिलिग्रॅम, लोह ५.७ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व ५८ मिलिग्रॅम आणि बीटा कॅरोटीन ९,२०० मायक्रोग्रॅम आढळते. म्हणजे वजनास वजन धरले तरी मेथी मागे नाही. लोहाच्या बाबतीत दोघी जवळजवळ सारख्या, आणि इतर बाबतींत मेथी बरीच पुढे आहे.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण शाळेच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यांशी तिचा संबंध आहे. याच संस्थेच्या जुन्या कोष्टकांत कोथिंबिरीतील क जीवनसत्त्व १३५ मिलिग्रॅम दिलेले होते. नव्या कोष्टकात ते २४ वर आले. लोहाचा आकडा तर एकेकाळी १८.५ मिलिग्रॅम होता, नंतरच्या आवृत्तीत तो १.४२ झाला आणि आता ५.३ आहे. यात कोणी कोणास फसविले असे नव्हे. पिकाची जात, जमीन, ऋतू, तोडणीनंतर लोटलेले तास, मोजण्याची रीत, या सर्वांनी पानातील आकडा हलतो; आणि पानाला चिकटलेल्या धुळीमातीतही लोह असते, हे विसरून चालत नाही. अनेक शाळांतून जुने तक्ते अद्याप लटकत आहेत आणि मुले त्यांवरील आकडे पाठ करीत आहेत. पालेभाजीचा आकडा हा सोन्याच्या भावासारखा नसून पावसाच्या अंदाजासारखा मानावा, एवढे मुलांना सांगितले तरी पुरे.

आता खरा प्रश्न ताटाचा. शंभर ग्रॅम कोथिंबीर कोणी एका बैठकीस खात नाही. भुरभुरलेले सांबार ताटामागे फार तर तीन ग्रॅम भरते. तीन ग्रॅमांत क जीवनसत्त्व पाऊण मिलिग्रॅमही नाही, कॅल्शियम चार मिलिग्रॅम, लोह एका मिलिग्रॅमच्या सहाव्या हिश्श्याएवढे. याउलट पन्नास ग्रॅम मेथी निवडून शिजवली तर कच्च्या वजनाच्या हिशेबाने तीत १३७ मिलिग्रॅम कॅल्शियम, २.८ मिलिग्रॅम लोह, २९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व ४,६०० मायक्रोग्रॅम कॅरोटीन होते. शिजविताना क जीवनसत्त्वाचा निम्मा भाग गेला असे धरले, तरी चौदा-पंधरा मिलिग्रॅम उरतेच. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसास सुमारे ४५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, १५ मिलिग्रॅम लोह व ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. तेव्हा शिजवलेल्या मेथीची एक वाटी त्याची तिसऱ्या हिश्श्याची क जीवनसत्त्वाची गरज भागविते आणि लोह व कॅल्शियम यांच्या गरजेच्या पाचव्या हिश्श्याएवढा भाग ताटात आणते. ताज्या सांबाराची चिमूट यांपैकी काहीच करू शकत नाही. चिमटीने मोजावयाची वस्तू आणि वाटीने मोजावयाची वस्तू यांची तुलना वजनास वजन करणे हाच मुळात घोटाळा होय.

सांबार चटणी होऊन ताटात आले तर गोष्ट थोडी बदलते. वीस ग्रॅम कोथिंबिरीची चटणी एका मुलाने भाकरीबरोबर खाल्ली, तर त्याला एक मिलिग्रॅम लोह व पाच मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळेल. सांबारवडीत तर मूठभर पाला जातो; पण ती उकळत्या तेलात तळली जाते आणि पोषणापेक्षा जिभेच्या आनंदासाठीच केली जाते. त्याबद्दल तिला दोष देण्याचे कारण नाही.

आता "शिजवलेले म्हणजे मेलेले" या वाक्प्रचाराचा विचार. पानातील सर्व द्रव्ये उष्णतेने सारखी वागत नाहीत. कॅल्शियम आणि लोह ही खनिजे आहेत. ती जळून जात नाहीत. ती जातात ती पाण्याबरोबर, आणि तेही पाणी ओतून दिले तर. क जीवनसत्त्व मात्र नाजूक आहे. ते पाण्यात विरघळते, हवेने बिघडते आणि उष्णतेने नाश पावते. बाजारात दुपारच्या उन्हात पडलेल्या जुडीची पाने कोमेजली की ते झपाट्याने घटते; म्हणून कोमेजलेले कच्चे सांबार हे नुसते नावाचेच ताजे. कॅरोटीनची, म्हणजे ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते त्या द्रव्याची, गोष्ट याच्या उलट आहे. ते पानाच्या पेशींत घट्ट बांधलेले असते. शिजविल्याने पेशींच्या भिंती मऊ होतात आणि थोडे तेल बरोबर असले म्हणजे ते आतड्यात शोषले जाते. लसणाची फोडणी दिलेली भाजी या कामी कच्च्या पानापेक्षा अधिक उपयोगी पडते. रातांधळेपणाच्या निवारणासाठी देशात १९७० सालापासून बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्यात येऊ लागले. घरच्या फोडणीच्या भाजीचे महत्त्व त्याने कमी झालेले नाही.

फोलेट नावाचे जे जीवनसत्त्व रक्त तयार होण्यास लागते, त्याचे नावच पानावरून, लॅटिन भाषेतील पान या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. त्याचा शोध लागण्याच्या वाटेवरील एक मुक्काम महाराष्ट्रातच आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. या स्त्रियांच्या आहारात काहीतरी उणे आहे आणि यीस्टच्या अर्काने ते भरून येते, असे त्यांना आढळले. ते द्रव्य कोणते याचा उलगडा पुढे झाला, आणि १९४१ साली अमेरिकेतील संशोधकांनी ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले. हेही द्रव्य उष्णतेने व पाण्याने घटते. म्हणजे शिजविण्यात तोटा आहे, लाभही आहे; तोटा किती व्हावा हे मात्र बरेचसे स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या हाती असते.

एकाच पाल्याची कच्ची व शिजवलेली अशी दोन्ही रूपे पाहावयाची असतील तर दूर जावयास नको. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडतात; शेंडा खुडल्याने झाड अधिक फुटते, म्हणून शेतकरीही नाही म्हणत नाही. त्या कोवळ्या पाल्यात चिरलेला कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचे कूट व कच्चे तेल घालून घोळाणा करतात आणि तो भाकरीबरोबर कच्चाच खातात. हाच पाला शिजवून भाजी होते, आणि हाच उन्हात वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवला जातो. तीन रूपांत तीन हिशेब होतात. घोळाण्यात क जीवनसत्त्व पूर्ण राहते, आणि हा पदार्थ चिमटीने नव्हे तर मुठीने खाल्ला जातो. वर तेल व कूट असल्याने कॅरोटीनही अगदीच वाया जात नाही. शिजवलेल्या भाजीत क जीवनसत्त्व घटते, पण पाला दबतो व मूल तिप्पट पाला सहज खाऊन जाते. वाळवलेल्या भाजीत क जीवनसत्त्व जवळजवळ संपते, उन्हाने कॅरोटीनही बरेच उडते, राहतात ती खनिजे. तेव्हा कच्चे श्रेष्ठ की शिजवलेले, या प्रश्नाला ज्या आजीने घोळाणा केला आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाल्याची भाजी केली, तिने कोष्टक न पाहता उत्तर दिलेलेच आहे.

अंबाडीचे उदाहरण मात्र वेगळे. वऱ्हाडात ही भाजी आवडीची; पण ती आंबट म्हणून उकडून, पिळून तिचे पाणी फेकून देण्याची रीत अनेक घरांत आहे. त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेट यांचा मोठा भाग मोरीत जातो. आंबटपणा कमी करावयाचा तर पाला थोडा घेऊन त्यात तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या अधिक घालाव्या; आंबट भाजी लोखंडी कढईत शिजविली तर कढईतील थोडे लोहही तीत उतरते, हा वरचा लाभ. हिरवा रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा टाकण्याची सवय काही ठिकाणी दिसते. सोड्याने रंग राहतो आणि क जीवनसत्त्व जाते. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातही तेच होते. भाजी धुऊन मग चिरावी, चिरून मग धुऊ नये. चिरली की फार वेळ ठेवू नये. आधण उकळल्यावर घालावी, म्हणजे पानातील जे विकर क जीवनसत्त्वाचा नाश करते ते लवकर निकामी होते. झाकण ठेवावे आणि पाणी अंगचेच असू द्यावे. सकाळी आठला चिरलेली मेथी अकरापर्यंत पाण्यात बुडवून ठेवणे ही सोय होय, पण ती मुलांच्या हिश्श्यातून केलेली सोय होय.

पालक व माठ यांच्याविषयी एक अपवाद सांगावयास हवा. त्यांच्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे कोष्टकात दिसणारे कॅल्शियम शरीरास फारच थोडे मिळते. मेथीत हा दोष अल्प आहे.

कच्च्या पाल्याची दुसरी बाजू आरोग्याची. सांबार जमिनीलगत वाढते. त्याच्या देठांत माती बसते आणि सांडपाण्यावर वाढविलेल्या पाल्यावर जंतांची अंडी असू शकतात. जे मूल जंतांमुळे रक्त गमावीत आहे, त्याला न धुतलेल्या कच्च्या पानाने पुन्हा जंत देणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घेणे होय. फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांत शाळांतून जंतनाशक गोळी दिली जाते ती याचसाठी. पावसाळ्यात शेकडो मुलांसाठी कच्ची चटणी करण्यापेक्षा सांबार तीनदा स्वच्छ पाण्यात धुऊन, चिरून, भाजी उतरविण्यापूर्वी उकळत्या पातेल्यात टाकणे अधिक सुरक्षित. तेवढ्याने त्याचा वासही जात नाही.

येथवर सांबाराची बाजू पडती दिसली. पण त्याचे एक काम असे आहे की ते शिजवलेली भाजी एकटी करू शकत नाही. धान्यातले व पालेभाजीतले लोह शरीर फार थोडे शोषून घेते. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असले तर ते अधिक शोषले जाते. ज्वारीची भाकरी, शिजवलेली मेथी आणि त्याबरोबर सांबार-मिरचीची चटणी किंवा पिळलेले लिंबू, ही जोडणी म्हणून शहाणपणाची आहे. लिंबू भाजी उतरविल्यावर पिळावे, उकळत असताना नव्हे. आणि जेवणावर लगेच चहा नको. घाटाखालच्या कित्येक घरांत मुलांनाही तो मिळतो, आणि चहातील तुरट द्रव्य लोहाला अडवून धरते.

या जोडणीचे महत्त्व किती, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) दाखविले. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. हीच बालके आज पहिली-दुसरीच्या बाकांवर व त्यांच्या पुढे बसलेली आहेत. जे मूल तिसऱ्या तासाला डोके बाकावर टेकते, ज्याच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते, त्याला आळशी म्हणण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या ताटाकडे पाहावे. साप्ताहिक लोहाची गुलाबी गोळी त्याला मिळते की नाही हेही पाहावे. भाजी ही त्या गोळीची जागा घेत नाही आणि गोळी भाजीची घेत नाही.

परसबागेविषयी थोडे. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागांतील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असते आणि त्यावर पालेभाजी नीट धरत नाही. तेथे मुलांच्या हात धुण्याचे, साबण नसलेले, नळाचे पाणी चर काढून वाफ्याकडे वळविणे हाच बहुधा सुलभ उपाय होय. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागांत ही अडचण कमी, पण उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आहेच. जागा एकच वाफ्याची असेल तर सांबारापेक्षा कडेला शेवग्याचे एक झाड लावणे अधिक फलदायी. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅमांस कॅल्शियम सुमारे ३१४ मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व सुमारे १०८ मिलिग्रॅम आहे. झाड एकदा धरले की त्याला रोज पाणी लागत नाही, आणि पाला वरणात शिजवून दिला तर मुले कुरकुर न करता खातात. शेंगा आल्या तर त्या निराळ्याच.

सांबार पेरावयाचे ते हिवाळ्यात. धने अख्खे पेरू नयेत. चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन दाळींत फोडावे, रात्रभर भिजवावे आणि दर पंधरा दिवसांनी एक ओळ अशा बेताने पेरावे, म्हणजे सर्व एकदम तयार होऊन वाया जात नाही. उगवण्यास आठ-दहा दिवस लागतात, कधी अधिकही. तोवर मुले रोज वाफा उकरून पाहतात, त्यांना आवरावे लागते. कापणीच्या दिवशी चौथीच्या मुलांकडून एक साधा प्रयोग करून घ्यावा. एका ताटावर भुरभुरतो तेवढे सांबार एका पारड्यात व एका मुलाच्या वाट्याची निवडलेली मेथी दुसऱ्या पारड्यात घालून वजन करावे, आणि मग दोन्हींतील कॅल्शियमचा त्रैराशिकाने हिशेब मांडावा. गणिताचा तास त्यातच होतो. होळीनंतर ऊन वाढले की सांबार फुलावर येते आणि पाने विरळ होतात; तेव्हा बाजारात चिवळ येऊ लागते, आणि वाफ्यातली शेवटची ओळ पुढच्या हिवाळ्याच्या धन्यांसाठी तशीच राखून ठेवावी.